पाणबुडीची प्रतिकृती : बांधणी, रंगकाम आणि वेदरिंग यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लास्टिकच्या किटपासून पाणबुडीची प्रतिकृती करणाऱ्यांना, विशेषतः पहिल्या-दुसऱ्या किटच्या वेळी, खालील प्रश्न हमखास पडतात. उत्तरे देताना उदाहरण म्हणून दुसऱ्या महायुद्धातील जर्मन नौदलाची टाइप ७सी यू-बोट घेतली आहे. १९४० ते १९४५ या काळात या प्रकारच्या ५६८ बोटी सेवेत दाखल झाल्या, त्यांची छायाचित्रे भरपूर उपलब्ध आहेत आणि लहानमोठ्या सर्व मापांत तिच्या किट मिळतात. वेदरिंग म्हणजे समुद्राने आणि वापराने बोटीवर उमटवलेल्या खुणा रंगातून दाखवणे. पाणबुडीच्या बाबतीत या खुणांमागे जवळजवळ नेहमी पाणीच असते. ते कुठून आत शिरते, कुठे साठते आणि कुठून निथळते हे एकदा समजले, की पुढची बरीच उत्तरे आपोआप सापडतात.

पहिल्या प्रतिकृतीसाठी कोणते माप निवडावे?

मूळ टाइप ७सी बोट ६७.१ मीटर लांब आणि ६.२ मीटर रुंद होती. म्हणजे १/७२ मापात ती सुमारे ९३ सेंटिमीटर, १/१४४ मापात सुमारे ४७ सेंटिमीटर आणि १/३५० मापात जेमतेम १९ सेंटिमीटर लांब होते. १/७२ ची बोट देखणी असते, तिच्यावर तपशिलाला वाव असतो. पण मीटरभर लांबीची वस्तू रंगवायला, वाळवायला आणि पुढे वर्षानुवर्षे ठेवायला घरात जागा लागते, हे खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावे. १/३५० मध्ये कठड्याच्या सळ्या आणि तोफेची नळी इतक्या बारीक असतात, की नवख्या हाताचा धीर सुटतो. माझ्या मते सुरुवातीला १/१४४ हेच माप योग्य आहे. त्यात वेदरिंगची प्रत्येक पद्धत वापरून पाहता येते आणि एखादा भाग बिघडला तर तो पुन्हा करण्याचा उत्साहही टिकतो.

किट उघडल्यावर पहिले काम कोणते?

बोट ठरवणे, आणि त्या बोटीच्या आयुष्यातला काळ ठरवणे. टाइप ७सी ही एकसारखी बोट नव्हती. सुरुवातीच्या बोटींवर मनोऱ्यापुढे (डेकच्या मध्यावर उभ्या असलेल्या बुरुजासारख्या भागापुढे) ८.८ सेंटिमीटरची डेक तोफ आणि मनोऱ्यामागे एक विमानवेधी तोफ असे. १९४३ पासून विमानांचा धोका वाढला तेव्हा बहुतेक बोटींवरून डेक तोफ उतरवली गेली आणि मनोऱ्याच्या मागे आणखी एक चबुतरा जोडून विमानवेधी तोफा वाढवल्या गेल्या. त्यामुळे १९४१ चा मनोरा आणि १९४४ ची शस्त्रे एकाच प्रतिकृतीवर आली तर जाणकाराची नजर तिथेच अडखळते.

वेदरिंगही याच निर्णयावर अवलंबून असते. कीलच्या गोदीतून नुकतीच बाहेर पडलेली बोट स्वच्छ असते. अटलांटिकमध्ये कित्येक आठवडे काढून फ्रान्समधील लोरियाँ, सेंट नझेर किंवा ब्रेस्ट येथील तळावर परतणाऱ्या बोटीचा रंग जागोजागी उडालेला असतो आणि तिच्या अंगावर गंजाचे ओघळ असतात. दुरुस्तीनंतर नव्याने रंग देऊन पुन्हा समुद्रावर निघालेली बोट या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते. यांपैकी कोणती अवस्था दाखवायची हे कागदावर एका वाक्यात लिहून कामाच्या टेबलासमोर लावावे. पुढे प्रत्येक डाग त्या वाक्याशी ताडून पाहता येतो.

बाजूच्या भोकांच्या रांगा उघडाव्यात का?

शक्य असेल तर अवश्य उघडाव्यात. संपूर्ण बांधणीत एवढा मोबदला देणारे दुसरे काम नाही. पाण्याचा दाब सोसणारा जाड पोलादी दंडगोल आत असतो आणि आपल्याला दिसणारा निमुळता डेक व त्याच्या बाजू हे त्यावरचे पातळ पत्र्याचे आवरण असते. बोट बुडी मारताना या आवरणात पाणी झटकन भरावे आणि वर येताना तितक्याच झटकन निथळावे म्हणून बाजूंना भोकांच्या आणि फटींच्या रांगा ठेवलेल्या असत. अनुभवी खलाशी अर्ध्या मिनिटाच्या आसपास बोट पाण्याखाली नेत. त्यात या भोकांचा मोठा वाटा होता. त्यांची मांडणी बोट कोणत्या गोदीत बांधली गेली त्यानुसार बदलत असे, म्हणून आधी आपल्या बोटीचे छायाचित्र पाहावे.

किटमध्ये ही भोके पुष्कळदा बंद, नुसत्या खोलगट खुणांच्या रूपात असतात. ती बाहेरून कोरत बसण्यापेक्षा आतल्या बाजूने प्लास्टिक घासून पातळ करणे सोपे पडते. सँडपेपर बोटाभोवती गुंडाळून घासत गेले की एका क्षणी खुणेच्या तळाचे प्लास्टिक कागदासारखे पातळ होऊन मागून उजेड दिसू लागतो. तिथे सुरीचे टोक फिरवले की कडा न बिघडता भोक मोकळे होते. राहिलेली भोके अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने पाडावीत. आतली बाजू दोन्ही अर्धे भाग जोडण्यापूर्वीच काळी रंगवावी, नाहीतर नंतर आतले कोरे प्लास्टिक डोळ्यांत खुपते. १/३५० मध्ये मात्र भोके उघडण्याच्या भरीस पडू नये. त्या मापात काळा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ केलेला रंग, पुरेसा होतो.

जोडाची रेषा दिसत राहते. ती कशी घालवावी?

बोटीचे लांबलचक अर्धे भाग पेटीतून येतानाच थोडे वाकलेले असतात. प्लास्टिक सिमेंट एकदम सर्वत्र लावू नये. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, सुरुवात करून चार-पाच सेंटिमीटर जोडावे, टेपने आवळावे, वाळू द्यावे आणि मग पुढे सरकावे. जोड किंचित दाबला असता विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक सर वर येते; ती दुसऱ्या दिवशी घासली की फट मुळातच बुजलेली असते. तरीही उरलेल्या फटींत लांबी (पुट्टी) भरावी. मोठ्या फटीसाठी एम-सील चालते, पण ते ओल्या बोटाने लगेच सपाट करावे, कारण वाळल्यावर ते भोवतालच्या प्लास्टिकपेक्षा कठीण होते आणि घासताना प्लास्टिक झिजून एम-सीलचा उंचवटा तसाच राहतो. सँडपेपर पाण्यात भिजवून वापरावा. धूळ उडत नाही आणि ओरखडे बारीक पडतात. शेवटी राखाडी प्रायमरचा एक हात द्यावा. डोळ्याला न दिसलेली फट प्रायमर दाखवतो.

रंग नेमके कोणते?

पाण्यावरच्या भागासाठी जर्मन नौदल प्रामुख्याने दोन राखाडी छटा वापरत असे : फिकट ती हेलग्राउ ५० आणि गडद ती डुंकेलग्राउ ५१. तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावलेला रंग सामान्यतः याहून गडद राखाडी असे. मॉडेलिंगचे रंग करणाऱ्या कंपन्या या छटा तयार देतात, पण बाटलीतला रंग जसाच्या तसा लावणे मला पटत नाही. लहान वस्तूवर गडद रंग प्रत्यक्षापेक्षा अधिक गडद भासतो आणि वर पुढे वॉशचे थर चढणार असतात. म्हणून दोन्ही छटा थोडा पांढरा रंग घालून उजळ कराव्यात. त्यानंतर त्याच रंगात आणखी थोडा पांढरा मिसळून पत्र्यांच्या मध्यभागी एअरब्रशने अगदी विरळ फवारे मारावेत. कडा गडद आणि मध्य उजळ राहिला, की एवढा मोठा राखाडी पृष्ठभाग एकसुरी दिसत नाही.

डेक लाकडी होता, तर तो तपकिरी का रंगवू नये?

नव्या मॉडेलरांकडून सर्वाधिक वेळा होणारी ही गफलत आहे. टाइप ७सीच्या डेकवर लाकडी पट्ट्या होत्या हे खरे. पण समुद्राच्या पाण्यात त्या कुजू नयेत म्हणून त्यांना गडद संरक्षक लेप दिलेला असे आणि त्यामुळे डेक काळपट राखाडी दिसे. प्रवासी जहाजाच्या सागवानी डेकसारखा पिवळसर रंग इथे शोभत नाही. आधी संपूर्ण डेक काळपट राखाडी करावा, मग मधूनमधून काही पट्ट्या राखाडीत किंचित तपकिरी मिसळून निराळ्या कराव्यात. मनोऱ्याभोवती आणि तोफेच्या आसपास, जिथे खलाशांची सतत ये-जा असे, तिथे लेप झिजून लाकडाचा करडेपणा वर आलेला दाखवावा. ग्राफाइट पेन्सिलीची टोकदार शिसे पट्ट्यांच्या कडांवरून हलकेच फिरवली तर हा झिजलेपणा फार सुरेख येतो.

गंज कुठे दाखवावा आणि किती?

गंजाला पाणी, हवा आणि उघडे लोखंड हे तिन्ही लागतात. म्हणून तो सुरू होतो रंग उडालेल्या कडेवर, वेल्डच्या सांध्यावर, रिव्हेटभोवती, नांगराच्या घळीत आणि भोकांच्या खालच्या ओठावर. डेकखालच्या पोकळीत समुद्राचे पाणी सतत खेळत असते. ते भोकांतून निथळताना आतला गंज बाहेर आणते आणि बाजूच्या पत्र्यावरून सरळ खाली उतरवते. यू-बोटीच्या बाजूंवर दिसणारे ते ओळखीचे उभे ओघळ असे तयार होतात. समुद्रकाठच्या इमारतीत खिडकीच्या लोखंडी गजांखाली पावसाळ्यानंतर भिंतीवर उतरलेले डाग पाहावेत : वर, उगमापाशी, दाट आणि अरुंद, खाली जाता जाता फिकट आणि अस्पष्ट. प्रतिकृतीवरचा ओघळ हुबेहूब तसाच असायला हवा. उगम नसलेला ओघळ, म्हणजे कोऱ्या पत्र्याच्या मध्येच सुरू होणारा तपकिरी पट्टा, कितीही कौशल्याने रंगवला तरी खोटा वाटतो.

प्रमाणाचा हिशेबही मांडावा. १/७२ मापात एक मिलिमीटरचा डाग म्हणजे मूळ बोटीवर सात सेंटिमीटरचा डाग. १/१४४ मध्ये तोच चौदा सेंटिमीटरचा होतो आणि १/३५० मध्ये पस्तीस सेंटिमीटरचा. १/३५० च्या बोटीवर ब्रशच्या टोकाने सहज टेकवलेला ठिपका हा प्रत्यक्षात दाराच्या कडीएवढा नव्हे, तर अर्ध्या दाराएवढ्या रुंदीचा रंग उडाल्याचे सांगत असतो. त्यामुळे माप जसे लहान होत जाते तसे डागांऐवजी छटांच्या बदलावर काम सोपवावे.

रंगाच्या बाबतीत जुना गंज गडद तपकिरी, जवळजवळ काळपट असतो आणि नारिंगी झाक फक्त ताज्या गंजाला असते. नारिंगी रंग अगदी जपून, गडद तपकिरीच्या आत एखाददुसऱ्या जागीच वापरावा.

ओघळ प्रत्यक्षात काढायचे कसे?

कलाकारांच्या ट्यूबमधील तैलरंगांनी. याहून सोपी आणि सुधारता येण्याजोगी पद्धत मला माहीत नाही. कॅमलचे बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि काळा हे तीन रंग पुरेसे आहेत. ट्यूबमधला रंग आधी जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून तासभर ठेवावा, म्हणजे त्यातले जास्तीचे तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग मॅट वाळतो. बोटीवर आधी चकचकीत वॉर्निशचा थर देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. मग भोकाच्या खालच्या कडेला बारीक ब्रशने टाचणीच्या टोकाएवढा ठिपका ठेवावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, आणि चपटा ब्रश व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून, कपड्यावर जवळजवळ कोरडा पुसून, तो ठिपका वरून खाली ओढावा. पहिल्यांदा तो पट्ट्यासारखा दिसेल. ब्रश पुसून पुन्हा दोन्ही बाजूंनी आतल्या दिशेने ओढले, की पट्टा अरुंद होत होत पत्र्यात विरून जातो.

ब्रशची दिशा कायम गुरुत्वाकर्षणाची असावी. शेजारशेजारचे ओघळ एकाच लांबीचे किंवा सारख्या अंतरावर आले तर त्यांतले काही पूर्ण पुसून टाकावेत. तैलरंग वाळायला दोन-तीन दिवस घेतात. हा वेळ घाईच्या माणसाला जाचतो, पण चूक मिटवायची संधीही त्यामुळेच मिळते. गंजाव्यतिरिक्त पाण्याच्या वाळलेल्या मिठाचे ओघळही काढायला विसरू नये : पांढऱ्यात किंचित राखाडी मिसळून, गंजाच्या ओघळांपेक्षा अधिक विरळ, मुख्यतः मनोऱ्याच्या बाजूंवर.

डिझेल इंजिनांचा धूर डेकच्या मागील भागात दोन्ही बाजूंनी बाहेर पडत असे. तिथे काजळी दाखवायची तर ती ओघळासारखी खाली न ओढता, काळ्या पेस्टलची पूड कोरड्या ब्रशने बोटीच्या मागच्या दिशेला पसरावी.

उडालेल्या रंगाचे पोपडे दाखवण्यासाठी हेअरस्प्रे वापरतात, ते कसे?

आधी ज्या भागात रंग उडालेला दाखवायचा तिथे गंजाचा तपकिरी रंग लावून त्यावर वॉर्निश द्यावे. ते वाळले की साध्या हेअरस्प्रेचे दोन हलके थर द्यावेत आणि त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिकने राखाडी रंग फवारावा. राखाडी रंग हाताला सुका लागला की तासाभराच्या आत कोमट पाण्याने तो भाग ओला करावा. पाणी रंगातून आत झिरपून हेअरस्प्रे सैल करते आणि आखूड ताठ केसांच्या ब्रशने घासले की रंगाचे अनियमित तुकडे निघू लागतात. लॅकर थिनरमध्ये पातळ केलेला रंग या पद्धतीत नीट निघत नाही, कारण तो खालच्या थराला घट्ट धरतो. नाळेची कड, मनोऱ्याचा वरचा काठ, शिडीच्या पायऱ्या, झडपांची झाकणे एवढ्या जागा पुरतात.

पाण्याखालच्या भागाचे वेदरिंग वेगळे असते का?

पूर्णपणे वेगळे. जलरेषेखाली पाणी निथळत नाही, म्हणून तिथे वरच्यासारखे लांब नारिंगी ओघळ असण्याचे कारण नाही. जलरेषेवर हिरवट-तपकिरी शेवाळाचा ओबडधोबड पट्टा येतो. त्याची वरची कड मास्किंग टेपने सरळ केलेली असू नये. त्याखाली रंग मळकट होत जातो आणि कुठे कुठे फिकट ठिपके दिसतात. बोट कोरड्या गोदीत, आधारांवर उभी दाखवायची असेल तर मात्र नुकत्याच निथळलेल्या पाण्याचे उभे डाग तळावरही येतात. प्रोपेलर ब्राँझचे होते. ते सोन्यासारखे चकाकते ठेवू नयेत, तपकिरी वॉशने त्यांची चकाकी मारावी.

मनोऱ्यापासून नाळेपर्यंतची तार कशाची करावी?

किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात त्या उरलेल्या जाळीचा प्लास्टिकचा तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ करावा आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढावा; हवी तितकी बारीक तार मिळते. पुढच्या बाजूला एक आणि मागे दोन तारा चिकटवल्यावर त्या सैल वाटल्या, तर पेटती उदबत्ती तारेखालून, तिला न लावता, हळूच न्यावी. उष्णतेने प्लास्टिक आक्रसते आणि तार डोळ्यांदेखत ताणली जाते. फेव्हिक्विक टाचणीच्या टोकाने लावावे आणि त्याच्या वाफेने पारदर्शक भागांवर पांढरी साय धरते, म्हणून ते भाग शेवटी बसवावेत.

मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात रंगकाम करावे का?

बांधणी खुशाल करावी, लॅकरचे फवारे टाळावेत. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर साचते आणि वॉर्निश दुधाळ होते. काम अडलेच तर सावकाश उडणारे थिनर वापरावे, कॉम्प्रेसरच्या नळीवरील पाण्याचा सापळा वरचेवर रिकामा करावा आणि पाऊस उघडलेल्या दुपारी फवारावे. कोणत्याही ऋतूत सॉल्व्हंटची वाफ रोखणारा कार्बन फिल्टरचा मास्क लावावा. कापडी मास्कचा येथे काहीही उपयोग नाही.

मनोऱ्यावरची चित्रे कोणती वापरावीत?

फक्त आपल्या बोटीची. १४ ऑक्टोबर १९३९ रोजी स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळावर 'रॉयल ओक' ही ब्रिटिश युद्धनौका बुडवणाऱ्या यू-४७ चा फुसफुसणारा बैल प्रसिद्ध आहे, पण ती बोट टाइप ७बी होती. यू-५५२ वर लाल सैतान होते, यू-९६ वर हसणारा करवतमासा. डिकॅल, म्हणजे किटमधले पाण्यात भिजवून चिकटवायचे चित्र, चकचकीत वॉर्निशवर लावावे, नाहीतर कडेखाली हवा अडकून चंदेरी पापुद्रा दिसतो. त्यावरून ओघळ गेले पाहिजेत. मळलेल्या मनोऱ्यावर कोरे करकरीत चित्र विसंगत दिसते.

नाझी जर्मनीच्या पाणबुडीची प्रतिकृती करणे योग्य आहे का?

हा प्रश्न गांभीर्याने विचारला जातो आणि तो विचारला जायलाच हवा. यू-बोटींवर गेलेल्या सुमारे ४०,००० खलाशांपैकी सुमारे ३०,००० परतले नाहीत. त्यांनी बुडवलेल्या ब्रिटिश व्यापारी जहाजांवर भट्टीत कोळसा टाकणारे आणि डेकवर राबणारे अनेक खलाशी हिंदुस्थानी होते, त्यांत कोकणातले आणि गोव्यातलेही होते. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर मरण पावलेल्या भारतीय नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांवरच्या सहा हजारांहून अधिक खलाशांची स्मृती मुंबईत मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये जपलेली आहे. प्रतिकृती ही अभ्यासाची वस्तू आहे, गौरवाची नव्हे, अशी माझी धारणा आहे. प्रदर्शनात ती मांडताना माहितीच्या पाटीवर बोटीने बुडवलेल्या जहाजांची नावेही लिहावीत, असा माझा आग्रह असतो.

भारतीय पाणबुडी करायची असेल तर?

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण समुद्रकिनाऱ्यावरील आयएनएस कुरसुरा ही सोव्हिएत बनावटीची फॉक्सट्रॉट वर्गातील पाणबुडी आहे. १९६९ मध्ये नौदलात दाखल झालेली ही बोट २००२ पासून संग्रहालय म्हणून खुली आहे. सुमारे ९१ मीटरची ही बोट १/३५० मापात २६ सेंटिमीटर होते. मनोऱ्याची घडण, भोकांची मांडणी आणि प्रोपेलर जवळून पाहण्यासाठी तिला भेट द्यावीच. रंगाच्या बाबतीत मात्र तिचा आधार घेऊ नये, कारण ती संग्रहालय म्हणून रंगवली जाते, समुद्रात जात नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी सेवेत दाखल झालेली आयएनएस कलवरी काळी आणि गुळगुळीत आहे. तिच्यावर गंजाचे ओघळ काढण्याऐवजी काळा रंग राखाडीकडे विटत गेलेला, जलरेषेवर हिरवट पट्टा आणि मिठाची पुसट साय एवढेच दाखवावे. निव्वळ काळा रंगही वापरू नये; अगदी गडद राखाडीने सुरुवात केली तरच वरची सावली उमटते.

पूर्ण झालेली प्रतिकृती कशी जपावी?

शेवटचा मॅट थर दिल्यानंतर पेस्टलची पूड हाताळू नये, ती बोटांना लागते. तारा आणि कठडे यांमुळे धूळ झटकणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून पहिल्याच दिवशी ॲक्रिलिकची पेटी करून घ्यावी. पेटी बोटीपेक्षा प्रत्येक बाजूने चार-पाच सेंटिमीटर मोठी असावी, तिला थेट ऊन लागू नये आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवून ती दर पावसाळ्यापूर्वी बदलावी. बोट पट्टीला स्क्रूने बसवायची असेल तर त्यासाठीचे नट दोन्ही अर्धे भाग जोडण्यापूर्वीच आत एपॉक्सीने पक्के करावेत. जोड बंद झाल्यावर ते बसवता येत नाहीत.